टाकाऊतून टिकाऊ, पण चिकटवले कशाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टाकाऊ वस्तूंपासून घडवलेल्या पर्यावरणविषयक कलाकृतींची छायाचित्रे पाहिली. मी कलाशिक्षिका आहे आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जाते, त्यामुळे हे काम पानभर जागा देऊन लोकांपुढे आणल्याचा आनंद झाला. प्रत्येक चित्राखाली किती बाटल्या, किती झाकणे, किती जुन्या सीडी वापरल्या हे दिले होते. मात्र त्या बाटल्या एकमेकींना कशाने जोडल्या आणि प्रदर्शन उतरवल्यावर त्यांचे काय झाले, हे एकाही चित्राखाली नव्हते. माझ्या मते अशी कलाकृती पर्यावरणाच्या बाजूची आहे की नाही, हे याच दोन गोष्टींवर ठरते.

पाण्याची रिकामी बाटली भंगार घेणाऱ्याच्या लेखी माल असते. ती पीईटी प्लास्टिकची असते. वितळवून तिचा धागा काढता येतो, पुन्हा बाटलीही होते. तिच्यावर स्प्रे पेंट मारला, गरम गोंद सोडणाऱ्या ग्लू गनने चमकी चिकटवली, आत थर्माकोलचे दाणे भरले की तिला कोणी हात लावत नाही. तीन-चार जातींचे प्लास्टिक एकमेकांत इतके मिसळते की ते वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. म्हणजे कलाकृती होण्यापूर्वी ती बाटली माल होती, आणि आठवडाभराच्या प्रदर्शनानंतर खरा कचरा झाली. कागदाचेही तेच. रद्दीचा पुन्हा लगदा होतो, पण ग्लू गनच्या कांड्या मुळात प्लास्टिकच्याच असतात. तो गोंद लगद्यात विरघळत नाही, त्याचे चिकट गोळे होऊन कागद गिरणीतल्या यंत्रांना त्रास देतात. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर जो पापुद्रा धरतो तोही प्लास्टिकचाच. चमकीबद्दल तर बोलायलाच नको. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचे तुकडे सूक्ष्म प्लास्टिक म्हणून ओळखले जातात. चमकी त्याच मापाची तयार करून पुडीत भरलेली असते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे समुद्र वाचवण्याचा संदेश देणाऱ्या माशाच्या खवल्यांवर तीच भुरभुरवलेली दिसते, आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. मुलांचा हेतू निर्मळ असतो. शिकवणाऱ्या आम्ही मोठ्या माणसांनी त्यांना साहित्याची जात-पात समजावून सांगायला हवी.

जोडणी बदलली की किती फरक पडतो, यासाठी एल अनात्सुई यांचे काम पाहावे. घानात १९४४ साली जन्मलेले हे शिल्पकार अनेक वर्षे नायजेरियातल्या न्सुक्का इथे राहून काम करत आले आहेत. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे आणि गळ्याभोवतीच्या पट्ट्या चेपून, दुमडून, तांब्याच्या बारीक तारेने एकमेकींना विणून ते भिंतभर मोठे पडदे करतात. हजारो तुकडे, आणि जोडणी नुसत्या तारेची. त्यामुळे पडदा कापडासारखा घडी घालून नेता येतो आणि प्रत्येक दालनात वेगळ्या चुण्या पाडून टांगता येतो. झाकणांवरची छापील अक्षरे, मूळचे लाल-पिवळे रंग तसेच राहतात, वर दुसरा थर चढत नाही. दारूचा आणि आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचा जुना संबंध त्या झाकणांतूनच बोलतो. २०१५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार मिळाला, तो काही झाकणांची संख्या मोजून नव्हे.

ब्राझीलचे कलावंत विक मुनिझ यांनी रिओजवळच्या जार्दिम ग्रामाशो या प्रचंड कचराभूमीवर वेचक म्हणून राबणाऱ्या स्त्री-पुरुषांची चित्रे केली. तिथूनच आणलेल्या वस्तू मोठ्या जमिनीवर मांडायच्या, उंचावरून छायाचित्र घ्यायचे. टिकते ते छायाचित्र. मांडलेले सामान पुन्हा उचलता येते. वेचणारी माणसे मांडणीच्या कामात स्वतः होती आणि विक्रीचा पैसा त्यांच्या संघटनेकडे गेला. शाळेच्या सभागृहातही हे जसेच्या तसे करता येईल. फरशीवर झाकणे, कापडाचे तुकडे, सुकी पाने मांडा, गॅलरीतून फोटो काढा, सगळे पुन्हा वर्गवारी करून पोत्यात भरा. गोंदाचा थेंबही लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, कलाकृती टिकायची तर पक्की जोडणी लागणारच. ते खरे आहे, आणि जे टिकणार आहे त्याला माझा आक्षेप नाही. चंदीगडचे रॉक गार्डन घ्या. नेकचंद हे रस्ते निरीक्षक. नवे शहर वसवताना पाडलेल्या गावांतला राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांच्या काचा, न्हाणीघरातल्या तुटक्या फरश्या त्यांनी वर्षानुवर्षे गुपचूप गोळा केल्या आणि त्यातून माणसे, प्राणी, भिंती उभ्या केल्या. ही बाग १९७६ साली लोकांसाठी खुली झाली. तिथे सिमेंट भरपूर आहे आणि सिमेंट निर्मितीतून कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. पण ते सिमेंट पन्नास वर्षे कामी आले आहे. आठवडाभराच्या देखाव्यासाठी इपॉक्सी रेझिन (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारे प्लास्टिक) ओतणे ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे, कारण रेझिन एकदा घट्ट झाले की ते पुन्हा वितळवून वापरता येत नाही. वस्तू किती काळ राहणार हे आधी ठरवावे आणि त्या मानाने जोडणी निवडावी.

थोड्या दिवसांच्या कामासाठी साध्या जोडण्या भरपूर आहेत: सुतळीची गाठ, तारेचा पीळ, खाचेत खाच, स्क्रू, शिवण. कागदासाठी मैद्याची किंवा स्टार्चची खळ उत्तम. तिने केलेले पेपरमॅशे, म्हणजे कागदाच्या लगद्याच्या वस्तू, पाण्यात भिजवले की पुन्हा लगदा होतो. खळ टिकावी म्हणून पूर्वी बुकबाइंडर तीत मोरचूद घालत, पण ते विषारी असते, म्हणून मुलांच्या हाती द्यायची खळ रोज थोडी शिजवावी आणि त्याच दिवशी संपवावी. रंगांसाठी गेरू, पिवळी माती, काजळी, खडूची पूड खळीत कालवून वापरता येते. त्यात चकाकी येत नाही. मला ती उणीव वाटत नाही. मातीच्या रंगांची एक बसकी, शांत छटा असते आणि डोळ्यांना तिची सवय व्हायला वेळ लागत नाही. आणि बरेचदा रंग लागतच नाही. पिकासोने १९४२ साली सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे डोके केले. दोन्ही वस्तू सायकलच्या म्हणून सहज ओळखू येतात आणि तरीही बैल दिसतो. वस्तूचा मूळ चेहरा रंगाखाली लपवला की गंमतही लपते.

सुरक्षिततेविषयी कळकळीने सांगते, कारण याबाबत बेफिकिरी फार दिसते. पीव्हीसीचे पाइप किंवा फ्लेक्सचे तुकडे आकार देण्यासाठी आगीवर धरू नयेत. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू श्वसनमार्गाला इजा करतो. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून त्यांना मुलांकडून पॉलिशपेपर घासून घेऊ नये. ट्यूबलाइटच्या नळीत पारा असतो, ती कलाकृतीत आणूच नये. थर्माकोल तापल्या तारेने कापताना खिडक्या उघड्या हव्यात.

विषयांबद्दलही माझे एक मत आहे. रडणारी पृथ्वी आणि प्लास्टिकच्या पानांचे झाड आपण पुष्कळ पाहिले. विषय आधी ठरवून त्याला कचरा चिकटवण्यापेक्षा हाती आलेल्या वस्तूला तिचा विषय विचारावा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टॉरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरचे कलाकार समुद्रात सोडून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांपासून कासवे आणि शार्क घडवतात. ज्या जाळ्यात अडकून कासव मरते त्याच जाळ्याचे कासव समोर उभे राहते, तिथे फलकावर संदेश लिहायची गरज उरत नाही.

आता आकड्यांविषयी. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्वापरासाठी प्रक्रिया होऊन परत आला, असा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा अंदाज आहे. एका शिल्पात हजार बाटल्या गेल्या म्हणून या डोंगराचा टवकाही उडत नाही. कलेने कचरा संपवावा ही अपेक्षाच चुकीची आहे; कचऱ्याकडे पाहायला लावणे हे तिचे काम, आणि ते मोठे काम आहे. पण बाटल्यांचा आकडा हाच स्पर्धेचा निकष झाला की उलटेच घडते. एका स्पर्धेत नव्या कोऱ्या स्ट्रॉ आणि कागदी कपांची न फोडलेली पाकिटे विकत आणून ‘टाकाऊ’ म्हणून वापरलेली मी पाहिली आहेत. बक्षीसही त्यालाच मिळाले.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे की प्रवेशिकेवर तीन रकाने वाढवावेत: साहित्य कुठून आले, कशाने जोडले, प्रदर्शनानंतर कुठे जाईल. गुणांचा मोठा भाग या रकान्यांना द्यावा. हे काही अवघड नाही. डॅनिश-आइसलँडिक कलावंत ओलाफुर एलियासन यांनी २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडच्या खाडीतले हिमखंडांचे बारा तुकडे पॅरिसच्या चौकात वितळत ठेवले, तेव्हा ते बर्फ तिथवर आणण्याला किती कार्बन खर्ची पडला याचा हिशेबही त्यांनी जाहीर केला होता. एवढ्या मोठ्या कलावंताला त्यात कमीपणा वाटला नाही.

आणि आपल्यालाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी छायाचित्रे छापाल तेव्हा बाटल्यांच्या आकड्याऐवजी जोडणीचे साहित्य छापावे, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच कलाकृतींचे पुढे काय झाले याची बातमी द्यावी. त्यातल्या कोणी आपले शिल्प सोडवून सामान परत भंगारात किंवा दुसऱ्या कामात लावले असेल, तर त्याचे छायाचित्र पहिल्याइतक्याच मोठ्या जागेत यावे.

आपली,
एक कलाशिक्षिका