स्लॅब ओतण्याआधी सळई कोणी पाहायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. एवढ्या पैशात मजुरी वाचवल्याशिवाय भागत नाही, म्हणून भाऊबंद, मेहुणे, मित्र सावडीने राबतात. त्यात गैर काही नाही. पाया खणणे, जोत्यात मुरूम थराथराने भरून चोपणे, विटा भिजवून पोचवणे, भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे ही कामे घरची माणसे रोजंदारीवरच्यांपेक्षा मन लावून करतात. काळ्या जमिनीत पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो, हेही बहुतेकांना ठाऊक असते. बिघडते ते स्लॅबच्या दिवशी.

३०० चौरस फुटांच्या ५ इंची स्लॅबला १२५ घनफूट काँक्रीट लागते. सिमेंट, वाळू, खडी यांच्या १:१.५:३ प्रमाणाने त्यात सिमेंटची २८-२९ पोती, साधारण अर्धा ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू आणि एक ब्रासहून किंचित जास्त खडी जाते. वाळू-खडी घमेल्याच्या अंदाजाने टाकू नये. ४० × ३५ × २५ सेंटिमीटरचा लाकडी फर्मा एका पोत्याएवढा, म्हणजे ३५ लिटरचा होतो. पोत्यामागे वाळू दीड फर्मा, खडी तीन. पाणी २५ लिटरच्या आसपास, ३० च्या वर कधीच नाही, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण घमेली उचलणारे दमले की ‘माल जरा सैल करा’ अशी हाक येते आणि मिक्सरमध्ये बादली रिकामी होते. ते जादा पाणी पुढे उडून जाते, मागे बारीक पोकळ्या राहतात. स्लॅब गळतो, सळई गंजते. म्हणून पाण्याच्या बादलीवर एकच माणूस बसवावा आणि त्याने कोणाचेही ऐकू नये, मामांचेसुद्धा. मालाला व्हायब्रेटर (कंप देणारे यंत्र) लावला तर घट्ट माल नीट बसतो, पाणी वाढवावे लागत नाही.

छज्ज्याची चूक याहून घातक आहे. छज्जा भिंतीतून बाहेर झुकलेला असतो, त्याला ताण वरच्या बाजूने येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. गवंडी ती वर बांधतोही. मग दहा-पंधरा माणसे घमेली घेऊन जाळीवरून चालतात, सळई दबून तळाशी जाते आणि सेंट्रिंग (खालचा फळ्या-टेकूंचा तात्पुरता आधार) काढताच छज्जा कोसळतो. सळईखाली खुर्च्या (सळई वर धरून ठेवणारे वाकवलेल्या सळईचे आधार) द्याव्यात, चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात. स्लॅबच्या खालच्या सळईला २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणारे ठोकळे, हवेत. त्यांच्याऐवजी ठेवलेले दगडाचे तुकडे सरकतात. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके आत गाभ्याकडे, १३५ अंशांत वळवलेली असावीत. नुसती काटकोनात वळवलेली रिंग भूकंपाच्या धक्क्यात उघडते.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर आळी (छोटे बांध) बांधून पाणी साठवावे आणि ते किमान १४ दिवस टिकवावे. हल्ली बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट येते, ते सावकाश ताकद धरते. सेंट्रिंगवाल्याला भाड्याची घाई असते, म्हणून टेकू किती दिवस राहणार हे आधीच ठरवून घ्यावे. बीमखालचे टेकू १४ दिवसांच्या आत हलवू नयेत.

आमची मागणी अनुदानाच्या हप्त्यांविषयी आहे. ते जिओ-टॅग केलेल्या, म्हणजे जागेची नोंद असलेल्या, फोटोवर सुटतात. फोटोत स्लॅब दिसतो, पण आतली सळई वर आहे की खाली हे दिसत नाही. ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याने स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी जागेवर येऊन सळई तपासावी आणि तशी नोंद झाल्यावरच ओतायला परवानगी मिळावी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कमी नुकसान झालेल्या गावांत राज्याने घरमालकालाच पैसे देऊन दुरुस्ती व मजबुतीकरण करून घेतले आणि मदतीला अभियंते दिले. ती पद्धत आपल्याकडे नवी नाही. शिवाय प्रत्येक पंचायत समितीने एक मिक्सर आणि दोन व्हायब्रेटर नाममात्र भाड्याने ठेवावेत. स्लॅबचे काम एका दिवसाचे असते, त्यामुळे आळीपाळीने ते अनेक घरांना पुरतील. उन्हाळ्यात बांधकामे जोरात असतात, तेव्हा ही सोय मार्चच्या आधी व्हावी.

आपले,
ग्रामीण घरबांधणीत काम करणारे अभियंते व गवंडी