वाडा आमचा, व्यवहार परका

महोदय,

निजामकाळातील मराठवाड्यात घडणाऱ्या कौटुंबिक मालिकेच्या दुसऱ्या पर्वाविषयी रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झालेली प्रेक्षकांची मते वाचली. कथानक रेंगाळते, ही तक्रार मला पटत नाही. वाड्यातले दिवस रेंगाळतच असत. खटकते ते वेगळेच. काळ १९४६चा असूनही दिवाणजी मोजतात ते ब्रिटिश हिंदुस्थानातले कलदार रुपये आणि घरदार बोलते पुणेरी. हैदराबाद संस्थानात तेव्हा स्वतःचा हाली सिक्का चालत असे, कचेरीचा कारभार उर्दूत होई. चारमिनारची छाप असलेली ती नाणी आजीच्या पेटीत आम्ही पाहिली आहेत. शालू-पगड्यांवर इतका खर्च करणाऱ्या निर्मात्यांनी मराठवाडी बोलीत ‘काय करायलास?’ असे विचारणारे एखादे पात्र ठेवावे, आणि तेही केवळ हसण्यापुरते नव्हे.

– एक वाचक, परभणी