बाबा, गुरुवारी भजनाला जा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की बाबांनी गुरुवारच्या भजनाला जायचं सोडलंय, आवाज चिरकतो, लोकांना कशाला त्रास म्हणून. मी विचारलं की बाबा लगेच पावसापाण्याचं काढतात, म्हणून म्हटलं सरळ लिहावंच.

बाबा, माणूस चारचौघांत का गातो हे मला तुम्हीच दाखवलंय. आपल्या मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसाला तुम्ही मला मांडीवर घेऊन बसायचात, आणि तिथे मोठमोठे गवई यायचे, मानधन नाही काही नाही, थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने हजेरी लावायची आणि जायचं. बाहेर ज्यांच्या प्रोग्रामचं तिकीट परवडत नाही ते तिथे उघड्यावर बसून गायचे आणि समोर हमाल, भाजीवाले, आपल्या सतारमेकर गल्लीतले तंबोरे करणारे कारागीर, सगळे एकाच जाजमावर. गवई समेवर आला की सगळ्या माना एकदम हलायच्या आणि त्याच क्षणी गाणाऱ्याचा चेहरा बघायचात तुम्ही, मला कोपराने ढोसून, बघ बघ म्हणत. मला तेव्हा राग कळत नव्हता पण तो चेहरा अजून आठवतो. घरी एकट्याने रियाज करून तो चेहरा होत नाही बाबा. मला तर वाटतं गवई पैशासाठी, नावासाठी गातात हे अर्धंच खरं आहे, आपल्याला सापडलेली सुरांतली जागा दुसऱ्यालाही त्याच वेळी सापडली हे बघायची जी ओढ असते ना, ती सुटत नाही.

आणि आवाजाचं म्हणाल तर गवई कुमार गंधर्वांचं बघा. १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला गेले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, ज्याने लहानपणी मैफली गाजवल्या त्या माणसाला पाच-सहा वर्षं नुसतं पडून राहायचं. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडायची ती ऐकत राहिले. १९५३ मध्ये परत मैफलीत बसले ते जवळजवळ एका फुफ्फुसावर, लांब दमसास गेलेला, मग छोट्या छोट्या तुकड्यांत गायले आणि तेच पुढे त्यांचं गाणं झालं. त्यांना घरात बसून शिकवता आलं असतं की, कोण काय म्हणणार होतं. पण बसले लोकांसमोर.

खाँसाहेब तर १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना तब्येत बिघडली म्हणून वाटेतल्या स्टेशनावर उतरले आणि तिथेच फलाटावर तंबोरा लावून देवाला आळवत त्यांनी प्राण सोडला. तिथे कुठली मैफल होती? देव आणि सोबतची माणसं, बस. ऐकणारे किती हा प्रश्नच नव्हता त्यांना.

तुमच्या भजनात तर एकट्याने गायचंच नसतं. तुम्ही चरण टाकायचा आणि टाळकऱ्यांनी उचलायचा, तुमचा सूर जिथे कमी पडेल तिथे मागचे सांभाळून घेतात, त्यासाठीच ते बसलेले असतात ना. पट्टी उतरवा, काळी चारच्या उंच सुराचा हट्ट सोडा, खाली काळी एकमध्ये गा, पेटीवाल्या काकांना काय फरक पडतो. फार तर अभंग दुसऱ्याला द्या आणि शेवटची भैरवी तेवढी तुमच्याकडे ठेवा. आणि डॉक्टरांना एकदा घसा दाखवून घ्या, ते टाळू नका.

आई, तू गुरुवारी संध्याकाळी त्यांचा सदरा आणि टाळ काढून ठेव, मग नाही म्हणायला जड जाईल. पुढच्या महिन्यात मी येतेय, तेव्हा देवळात पुढेच बसणार आहे, तोवर निदान दोन गुरुवार तरी झालेले असू देत बाबा.

तुमची,
ताई