पलेकात, चौकड्यांचा

क्वालालंपूर

प्रिय सुन्या,

सारोंग म्हटलं की तुला समुद्रकिनाऱ्यावर कमरेला गाठ मारलेलं फुलाफुलांचं फडकं आठवत असणार. ते पर्यटकांचं. इथला सारोंग (मलाय लोक ‘सारुंग’ म्हणतात) म्हणजे साधारण दोन मीटर कापडाची टोकं शिवून केलेली नळी. शब्दाचा अर्थच मुळी म्यान, खोळ. क्रिस खंजिराचं म्यानही सारुंग आणि उशीचा अभ्राही ‘सारुंग बांताल’.

बायका बाटिकचे नेसतात. ईदला पुरुष ‘बाजू मलायू’ या सदरा-पायजम्यावर गुडघ्यापर्यंत जरीचा सोंगकेत गुंडाळतात, त्याला म्हणतात सांपिंग. तेरेंगानूचा सोंगकेत नावाजलेला. दिसतो देखणा, पण किंमत ऐकून मी तो फक्त पाहिला.

माझा जीव जडलाय तो साध्या सुती चौकड्यांवर, ‘काइन पलेकात’वर. ऑफिसातून आला की शेजारचा पाकचिक (मलायमध्ये काका) पँट काढून हाच चढवतो. शुक्रवारी मशिदीत हाच, झोपायलाही हाच. जुना झाला की छताच्या स्प्रिंगला टांगून बाळाची झोळी करतात. पोर वरखाली हलत झोपून जातं.

आता हे पलेकात कुठलं, सांग. आपलं पुलिकत! चेन्नईच्या उत्तरेला, सरोवराच्या काठी. 1613 मध्ये डचांनी तिथे किल्ला बांधला, कारण मसाल्याच्या बेटांवर लवंग-जायफळांच्या बदल्यात नाण्यांपेक्षा कोरोमांडलचं, म्हणजे आपल्या आग्नेय किनाऱ्याचं, कापड चालायचं. कापड ज्या बंदरातून यायचं त्याचंच नाव इथे कापडाला चिकटलं. आज बराचसा पलेकात इंडोनेशियातून येतो, तरी दुकानदार मागायला गेलं की पुलिकतचंच नाव घेतो. चेन्नईत मात्र मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

नेसायचा कसा, तेही लिहितो, म्हणजे काकांसाठी आणेन तेव्हा त्यांची पंचाईत नको. आत उभं राहायचं, गडद पट्टा (‘कपाला’, म्हणजे डोकं) मागे घ्यायचा. दोन्ही बाजू ताणून आधी एक पोटावर दुमडायची, मग तिच्यावर दुसरी. वरची कड घट्ट तीन-चार वेळा खाली गुंडाळायची. गाठ नाही, कमरपट्टा नाही. पहिल्या दिवशी आत हाफपँट असू दे.

पुढच्या महिन्यात येतोय, काकांसाठी एक घेतो. ते काही भडक वापरणार नाहीत, तेव्हा निळ्या चौकड्या बघू की हिरव्या? त्यांना विचारून कळव.

तुझा,
बंड्या