भरतीची उंची आणि लाटेची उंची

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात, आणि खरे तर बहुतेक वृत्तपत्रांत, ‘समुद्रात आज ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशी बातमी ठरलेली असते. ती वाचून मुंबईकर नातेवाईक आम्हांला काळजीने फोन करतात, पर्यटक खोल्या रद्द करतात, आणि इकडे पाणी खाडीच्या बांधापर्यंत गुपचूप चढून तसेच उतरूनही गेलेले असते. बातमीतला आकडा खोटा नसतो. तो लाटेचा नसून भरतीच्या पातळीचा असतो, एवढेच कोणी सांगत नाही.

ही पातळी मोजण्याचा शून्य म्हणजे अगदी खोल ओहोटीला पाणी जिथवर उतरते ती खूण, कारण गलबत आत आणणाऱ्या तांडेलाला कमीत कमी पाणी किती मिळेल हे आधी कळावे लागते. मुंबई बंदरात समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती सरासरीपेक्षा जेमतेम सव्वादोन मीटर वर जाते, आणि ओहोटीपासून तिथवर चढायला तिला सहा तास लागतात. लाटेचे तसे नाही. ती वाऱ्याने उठते आणि काही सेकंदांत फुटून मोकळी होते. त्यामुळे आपला मथळा निवांत दिवशी लोकांना घाबरवतो, आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढत असताना समुद्र खरोखर खवळला तर आकडा लहान दिसल्याने लोक बिनधास्त पाण्यात उतरतात. या दुसऱ्या प्रकाराची मला अधिक भीती वाटते.

भरती का येते याचे शालेय उत्तर सर्वांना पाठ आहे: चंद्र पाणी ओढतो. परंतु तेवढेच खरे असते तर दिवसातून एकदाच भरती आली असती. चंद्राची ओढ त्याच्याकडच्या बाजूला जास्त, पृथ्वीच्या मध्याशी त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूला सर्वांत कमी असते. भरती घडवतो तो हा फरक, आणि म्हणूनच फुगवटा दोन्ही बाजूंना येतो. पृथ्वीवर सूर्याची एकूण ओढ चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट असूनही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी आहे, तोही याच कारणाने. इतक्या दूरवरून पृथ्वीच्या या आणि त्या बाजूच्या ओढीत फारसा फरक उरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे बळ एकत्र येते तेव्हा उधाण, आणि अष्टमीला दोघे काटकोनात असतात तेव्हा भांग. चंद्र रोज थोडा पुढे सरकत असल्याने दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून किंचित जास्त पुढे ढकलली जाते. आपल्याकडचे जुने खलाशी तिथीची पाऊणपट करून वेळ सांगतात, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, ते यामुळेच. हा हिशेब ढोबळ असला तरी निराधार मुळीच नाही.

पण चंद्र सगळ्या जगाला एकच असताना भरती मात्र जागोजागी वेगळी असते, आणि भूगोलाची खरी गंमत इथून पुढे आहे. कॅनडातील फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत वर-खाली होते, तर भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी ते हातभरही हलत नाही. इ.स.पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी आलेल्या अलेक्झांडरच्या माणसांची जहाजे ओहोटीत चिखलावर बसली तेव्हा त्यांची तारांबळ उडाली, यात नवल ते काय! मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात दिवसातून एकच भरती येते. ताहितीला ती चंद्राऐवजी सूर्याच्या घड्याळाने चालते आणि बहुधा दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येते. याचे कारण असे की फुगवट्याला पृथ्वीभोवती मोकळे फिरायला वाटच नाही. मध्ये खंडे आडवी येतात. मग प्रत्येक समुद्रातले पाणी परातीतल्या पाण्यासारखे आपापल्या लयीत हिंदकळत राहते, आणि ही लय तिथल्या खोलीवर व आकारावर ठरते. फंडीच्या उपसागराची स्वतःची लय जवळपास तेरा तासांची, म्हणजे भरतीच्या लयीला अगदी लागून आहे. त्यामुळे प्रत्येक हेलकाव्याला नेमक्या वेळी धक्का मिळतो आणि पाणी इतके उंच जाते.

हेच आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पाहता येते. उधाणाला पाणी कोचीला एक मीटरच्या आसपास, गोव्याला सुमारे दोन मीटर, मुंबईला चार मीटरांहून जास्त आणि भावनगरला तर दहा मीटर वर-खाली होते. उत्तरेकडे जावे तसा समुद्राखालचा उथळ कट्टा रुंद होत जातो आणि शेवटी खंभातचे आखात नरसाळ्यासारखे अरुंद होते. पाण्याला पसरायला जागा उरली नाही की ते चढते. अलंगला मोडीत काढायची प्रचंड जहाजे उधाण साधून थेट किनाऱ्यावर चढवतात ती याच्या जोरावर. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जात असल्याने रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते आणि तिच्याहून कमी चढते. असे असताना कोकण आवृत्तीत मुंबईचीच वेळ आणि मुंबईचाच आकडा छापण्यात काय अर्थ आहे?

भरतीची बातमी निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा आषाढ पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे दिवस उधाणाचे होते. दाभोळ खाडीत पाणी चढलेले असताना वरून आलेल्या पुराला उतार मिळत नाही. ते मागे तुंबते आणि बाजारपेठेत शिरते. अशा वेळी भरती किती वाजता आहे आणि ओहोटी केव्हा लागेल, हे घरातले सामान माळ्यावर चढवणाऱ्याला लाटेच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचे असते.

लाटांची माहिती वेगळी उपलब्ध आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठलेल्या लाटा केरळच्या किनाऱ्यावर येऊन धडकतात, तेव्हा तिथे वारा नसतो की पाऊस नसतो, आणि त्यांचाही इशारा ही संस्था देते. भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यांत बंदरवार दिलेल्या असतात. तेव्हा विनंती अशी की, मथळ्यातील ‘लाटा उसळणार’ काढून ‘भरतीची पातळी’ असे छापावे, त्याखाली रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात आणि लाटांची अपेक्षित उंची शेजारी स्वतंत्र द्यावी. चार ओळींच्या चौकटीत हे सहज मावेल, आणि येत्या अमावास्येच्या उधाणापासून सुरुवात करता आली तर फारच चांगले.

कळावे,
आपला एक वाचक,
दाभोळ खाडीकाठ, जि. रत्नागिरी