काका, तुमच्या त्या बिळाबद्दल जाहीर थँक्यू

प्रिय काका,

हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण त्या दिवशी इंदुरजवळच्या चोरलच्या शेतावर रात्री झोपायला काटक्या-पाल्याचं शेल्टर बांधताना हुज्जतपण मी सगळ्यांसमोरच घातली होती. आणि तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "पोहे खाल्लेस का" करून विषय बदलता, हे आपल्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. तर आता वाचाच गुपचूप.

आधी कबुली. 26 जानेवारीच्या सुट्टीला तुम्हाला सोबत चला म्हटलं ते काही शिकायला नाही हो. तिकडे बिबट्या असतो, 2023 मध्ये तर महूला वाघ फिरताना दिसला होता, तेव्हा जंगलखात्यात तीस वर्षं काढलेलं कुणीतरी बरोबर असलेलं बरं, एवढाच माझा स्वार्थ. शेल्टर कसं बांधायचं ते मला येत होतंच ना, सात व्हिडिओ बघून झाले होते.

जागापण मीच निवडली, नाल्याकाठची सपाट वाळू, मस्त गादीसारखी. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती काठी बाजूच्या अर्जुनाच्या बुंध्याकडे केली. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर सालीत वाळकं गवत आणि एक फाटकी पिशवी अडकलेली. "हे इथे कोण ठेवून गेलं रे?" मला खरंच दोन मिनिटं लागली कळायला की पाणी चढतं तेव्हा तिथपर्यंत येतं. 2011 च्या जुलैत पातालपानीच्या धबधब्याला अचानक लोंढा आला आणि एक कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ इंदुरात कुणी विसरलेलं नाही, आणि मी इकडे नाल्यात गादी शोधून राहिलो होतो. थंडीत पूर येत नाही हे तुम्हालाही माहीत होतं, पण मावठा, म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस, येतो, आणि सवय वाईट लागते म्हणालात. मग वर बांधाजवळची जागा बघितली तर म्हणालात आधी मान वर कर. वर वाळकी फांदी लोंबत होती. तिसरी जागा पास झाली.

मग आमचा तो महाल. उभं राहता येईल एवढा उंच, सहा जण बसतील एवढा रुंद, नायलॉनच्या दोरीनं आवळलेला, दोन तास घाम गाळून केलेला. तुम्ही चहाचा कप घेऊन आलात, एक चक्कर मारली आणि विचारलंत, "झोपणार किती जण?" म्हटलं मी आणि भाचा. "मग हा मंडप कुणाच्या लग्नाचा?" सगळे खो खो हसले आणि मी जाम चिडलो, त्यानंतर जे जे बोललो त्याबद्दल सॉरी. विशेषतः तुमच्या डिझाइनला डुकराचं बीळ म्हटलं त्याबद्दल.

तुम्ही मला आणि भाच्याला चक्क जमिनीवर आडवं केलंत आणि शिंप्यानं माप घ्यावं तसं काठीनं भोवती रेघ ओढलीत, डोक्यापाशी नि पायापाशी एक-एक वीत सोडून. एवढंच. आत मोकळी हवा जितकी जास्त तितकी ती तुझ्या अंगानं तापवायला लागते, आणि तुझं अंग काही भट्टी नाही, असं म्हणालात. हे एक वाक्य त्या सात व्हिडिओंत असेलही, पण मला तिकडे ऐकू आलं नव्हतं.

कोयता तुम्ही गाडीतून बाहेर काढूच दिला नाहीत. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, पडलेलं उचलायचं, पायानं मोडलं तर चुलीचं, नाही मोडलं तर आढ्याचं, म्हणजे छपराच्या मधल्या मुख्य दांड्याचं. नऊ-दहा फुटांचं आढं मिळालं, त्याचं एक टोक कमरेएवढ्या उंचीच्या दोन बेचक्यांवर, दुसरं जमिनीवर टेकवलेलं. मग तुम्ही त्यावर माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या माणसाला लोंबकळायला लावलंत. नायलॉनची दोरी खिशात परत गेली, कारण बेचकं नीट बसलं की गाठ कशाला हवी. दोन्ही बाजूंनी वितीवितीवर वासे तिरपे, त्यावर आडव्या बारीक काटक्या, नाहीतर पानं आत गळतात.

आणि पानं. सागाची, एक-एक ताटाएवढं, वाळून खरखरीत झालेलं, बोटांना पॉलिश पेपर घासल्यासारखं. प्रत्येक ढिगाला आधी काठी मारायची मगच हात घालायचा हे तुम्ही दहा वेळा सांगितलंत आणि अकराव्या वेळी खरंच विंचू निघाला, भाच्यानं ते आता शाळेत किती जणांना सांगितलंय विचारू नका. मी उत्साहात वरून लावायला सुरुवात केली आणि अर्धी बाजू झाल्यावर तुम्ही काठीनं सगळी खाली पाडलीत. राग आला होता, पण तुम्ही विचारलंत की तुझ्या आजीच्या जुन्या इंदुरातल्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, कशी होती. खालून वर! खालच्या ओळीवर वरची ओळ चढलेली, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर घरंगळतं. पस्तीस वर्षांचा झालो, शाकारणी हा शब्द आजीच्या तोंडून शंभरदा ऐकलाय, पण हाताला तो त्या दिवशी कळला.

वरून सैल पालापाचोळा टाकत राहिलो तर संपेचना. बाहेरून हात घातला की कोपरापर्यंत गेला पाहिजे, तरी बोटं आत निघता कामा नयेत, ही तुमची परीक्षा. वारा उडवू नये म्हणून वरून घाणेरीच्या वाळक्या फांद्या, दार दक्षिणेला कारण थंडीत झोंबतो तो उत्तरेचा वारा. खाली गवत-पाला हातभर जाड, तेही मला जास्त वाटलं, पण आडवं झाल्यावर दबून चार बोटं उरलं. थंडी वरून नाही, जमिनीतून चढते, तुम्ही म्हणालात तेव्हा मी मान हलवली होती, पटलं रात्री.

रात्री दोनच्या सुमाराला मावठा सुरू झाला. तंबूतले तिघं ओरडत शेडकडे पळाले, त्यांचा तंबू शिवणीतून गळत होता (अठरा हजारांचा!). आम्ही आत, सागाच्या पानांवर पापड मोडल्यासारखा आवाज, आणि खरं सांगतो, उबदार. पायाशी एका जागी थेंब पडत होता, बरोबर तिथेच जिथे मी कंटाळून पातळ थर दिला होता.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते सांगतो. मी जागा होतो. तुम्ही शेडमधली खाट सोडून छत्री आणि टॉर्च घेऊन त्या चिखलातून आलात, गुडघा दुखत असताना खाली बसलात, दारातून हात घालून भाच्याच्या पायाखालचा पाला चाचपलात, कोरडा आहे बघून टॉर्चवर हात धरलात म्हणजे आमच्या डोळ्यांवर उजेड नको, आणि गेलात. मी झोपेचं सोंग घेतलं कारण घसा दाटला होता. सकाळी तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत, "कुठे गळलं?" एवढंच विचारलंत. थँक्यू आहे ते याचं, काका.

निघताना तुम्ही सगळं मोडायला लावलंत ते मात्र जिवावर आलं होतं. वासे परत इकडे-तिकडे, पाला पसरवून टाकायचा, नुसती एक दबलेली जागा राहिली. भाचा रडवेला झाला तर तुम्ही त्याला आढ्याचं बेचकं दिलंत, ते आता आमच्या गॅलरीत आहे, बहीण त्याच्यावर फडकी वाळत घालते.

पावसाळ्यात सागाचा पाला टिकत नाही, तेव्हा गवताची पेंढी बांधून शाकारायचं असतं म्हणाला होतात, बडवाहकडचे तुमचे जुने चौकीदार करायचे तसं. तर जूनच्या आधी एक रविवार द्या. काकूंना मी पटवतो, इंदूरच्या सराफ्यातली गराडू (तळलेला कंद हो) घेऊन येतो आणि कोयता घरीच ठेवतो.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा मंडपवाला