होमकमिंगला नकार देण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील हायस्कुलांत ‘होमकमिंग’चा, म्हणजे शाळेच्या वार्षिक उत्सवाचा, आठवडा साजरा होतो आणि नेमक्या याच दिवसांत इथल्या अनेक मराठी घरांत मुले व आईवडील यांच्यात खटके उडू लागतात. त्याच्या शेवटी असणारा ‘डान्स’ म्हटले की पालक धास्तावतात, आणि गोष्ट फोनवरून पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचली की त्यांच्या काळजीचा भारही शेवटी मुलांवरच येऊन पडतो. आपले दैनिक दोन्हीकडच्या घरांत वाचले जाते, म्हणून टेक्सासमध्ये मुलांना वाढवणारी एक आई या नात्याने या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

होमकमिंगचा मूळ हेतू माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा आपल्या संस्थेत परतावे हा आहे. मिसूरी विद्यापीठाचे क्रीडा प्रशिक्षक चेस्टर ब्रूअर यांनी १९११ साली कॅन्सस विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी माजी विद्यार्थ्यांना घरी येण्याचे आवाहन केले, ही त्याची प्रसिद्ध सुरुवात मानली जाते. टेक्सासचे बेलर विद्यापीठ १९०९चा आणि इलिनॉय विद्यापीठ १९१०चा दाखला देऊन हा मान आपल्याकडे घेते, ते असो. पुढे ही प्रथा हायस्कुलांत रुजली, आणि तिथे ती मुख्यतः शिकत असलेल्या मुलांची झाली. आठवडाभर रोज वेगळा वेष, शुक्रवारी सभागृहात घोषणांचा जल्लोष, संध्याकाळी फुटबॉलचा सामना, मध्यंतरात विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडलेल्या राजा-राणीची घोषणा आणि बहुधा शनिवारी रात्री शाळेच्याच जिममध्ये (बंदिस्त क्रीडागृहात) नाच, असा साधारण क्रम असतो. म्हणजे ज्या गोष्टीवरून घरात वाद होतो, ती या सगळ्या उत्सवाच्या शेवटची दोन-तीन तासांची आहे.

त्या नाचाबद्दलही गैरसमज फार आहेत. तिकीट आगाऊ घ्यावे लागते, दारात ओळखपत्र पाहिले जाते, दुसऱ्या शाळेतील पाहुणा आणायचा असेल तर बहुतेक ठिकाणी अर्ज भरून परवानगी घ्यावी लागते, आत शिक्षक आणि पालक-स्वयंसेवक लक्ष ठेवून असतात, आणि एकदा बाहेर पडलेल्या मुलाला सहसा पुन्हा आत सोडत नाहीत. जोडीनेच जावे असा नियमही नाही. कितीतरी मुले सात-आठ मित्रमैत्रिणींच्या घोळक्याने जातात, आधी कुणाच्या तरी अंगणात फोटो काढतात आणि एकत्र जेवतात. काळजी करायचीच असेल तर ती नाचानंतर कोण कुणाच्या घरी जाणार आहे आणि गाडी कोण चालवणार आहे याची करावी, आणि ते मुलांना सरळ विचारावे. सरसकट नकार मिळालेली मुले हे प्रश्न विचारण्याची संधीच आपल्याला देत नाहीत.

टेक्सासमध्ये या उत्सवाला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे ‘मम’ (शेवंतीच्या ‘क्रिसॅन्थिमम’ या इंग्रजी नावाचे लघुरूप). पूर्वी मुलगे मुलींना खऱ्या शेवंतीचे एक फूल देत, ते त्या पोशाखावर टाचत. आज त्या जागी कापडी फूल आले आहे. मागे पुठ्ठ्याची ताटली, मधोमध छोटे टेडी बेअर, आणि खाली शाळेच्या रंगांच्या गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या रिबिनी, ज्यांवर चकाकत्या अक्षरांत दोघांची नावे चिकटवलेली असतात. घुंगरू आणि दिवेसुद्धा त्यात असतात. वजन इतके होते की पिनेने भागत नाही, म्हणून ते गळ्यात अडकवावे लागते. मुलगे याचीच लहान आवृत्ती दंडावर बांधतात. बारावीच्या मुली सहसा पांढऱ्या-चंदेरी रिबिनी वापरतात, एवढे पाहून त्यांची इयत्ता ओळखता येते. हे सारे फार देखणे असते आणि मला ते मनापासून आवडते. मात्र विकत घ्यायला गेले तर शंभर-दीडशे डॉलरपासून कित्येक शेकड्यांपर्यंत खर्च येतो, आणि कुणाचे मम किती मोठे याची चढाओढ मुलांपेक्षा आयाच जास्त करतात. ज्या घरांत एवढा पैसा नाही त्या घरांतील मुली त्या शुक्रवारी शाळेत काय अनुभवत असतील, याचा विचार आपण सुस्थितीतल्या पालकांनी करायला हवा. हस्तकलेच्या दुकानातून रिबिनी आणि ग्लूगन आणून जेवणाच्या टेबलावर चार मैत्रिणींनी मिळून मम बनवले, तर खर्च बराच खाली येतो आणि ज्या मुलीला खर्च परवडत नाही तिलाही बोलावता येते. शाळांनी ममच्या आकारावर मर्यादा घातली तरी पालकांनी तिला विरोध करू नये.

शुक्रवारच्या सामन्याबद्दल तर आपली उदासीनता खटकते. भारतीय वंशाची कितीतरी मुले शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये असतात. जुलैअखेरीपासून टेक्सासच्या रणरणत्या उन्हात मैदानावर पावले मोजत त्यांनी सराव केलेला असतो, आणि मध्यंतरात ती वाजवायला उभी राहतात तेव्हा अनेकांचे आईवडील ‘आम्हाला फुटबॉल कळत नाही’ म्हणून घरी असतात किंवा पार्किंगमध्ये गाडीत बसून सामना संपण्याची वाट पाहतात. खेळाचे नियम कळले नाहीत तरी आपल्या मुलाचे वादन ऐकता येते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही तिथे जरूर न्यावे.

एक विनंती इथल्या महाराष्ट्र मंडळांनाही आहे. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळीचे कार्यक्रम आपण सोयीसाठी शनिवार-रविवारी ठेवतो, आणि ते नेमके होमकमिंगच्या शनिवारी येतात. मग मुलांपुढे मंडळ की शाळा अशी निवड उभी राहते आणि मंडळाच्या नाटुकलीत पाठांतर करून बसलेले मूल अडचणीत येते. फुटबॉलचे वेळापत्रक हंगामाच्या बरेच आधी जाहीर होते. परिसरातील पाच-सहा हायस्कुलांच्या होमकमिंगच्या तारखा पाहून मगच सभागृह आरक्षित करावे, आणि तारीख टळण्यासारखी नसेल तर मुलांचे कार्यक्रम दुपारी उरकावेत, जेणेकरून ती संध्याकाळी शाळेत पोहोचू शकतील.

आपली,
एक पालक, डॅलस परिसर, टेक्सास